लाउटर्नचे नमुनेकर

कायझर्सलाउटर्नला मराठी घरं मोजकीच, आणि त्यांतली काही तर निव्वळ ट्रॅक्टरच्या पुण्याईवर वसलेली. जॉन डीअरचं एक तंत्रज्ञान केंद्र पुण्याला मगरपट्ट्यात आहे आणि एक इथे. त्यामुळे हडपसरच्या गर्दीत वाढलेला माणूस एक दिवस डोळे उघडतो तो थेट फाल्झच्या जंगलाच्या कडेला. बाकीचे कुणी विद्यापीठातले, कुणी फ्राउनहोफरच्या दोन संस्थांमधले, कुणी १९८८ साली सुरू झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधन केंद्रातले. सगळे हुशार. कापणीयंत्राने शेतात आपणहून कुठे वळायचं हे ठरवून देणारी ही माणसं. पण बैठकीच्या खोलीत सोफा कुठल्या रंगाचा घ्यायचा असा प्रश्न आला, की एकजात सगळे एकच नंबर लावतात. नमुनेकरांचा.

पासपोर्टवर त्यांचं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त व्हिसाच्या कचेरीत चालतं. पन्नाशीला टेकलेले, अंगाने किरकोळ, एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कडीत ओवलेले चामड्याचे तुकडे, ‘राल’ या क्रमांकवार रंगयादीचं पंख्यासारखं उघडणारं पुस्तक, मोजपट्टी, भिंग, छोटी विजेरी आणि पांढरा सुती रुमाल. तुमच्याशी हात मिळवता मिळवता त्यांची बोटं तुमच्या जाकिटाच्या बाहीपर्यंत जाऊन येतात. "मेंढी. पण वर रंगाचा थर जाड दिलाय." मग, "कसे आहात?"

तर अशा या माणसाच्या स्वतःच्या घरी सोफा नाही.

जर्मनीत भाड्याचं घर मिळतं ते बहुधा धुतल्या तांदळासारखं. स्वयंपाकघराचा ओटा आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला, दिवे नाहीत, छतातून नुसती वायरची टोकं लोंबतात. नमुनेकर मंडळी इथे आली तेव्हा वहिनींनी ओटा, दिवे, पलंग, कपाटं, झाडू सगळं एका शनिवारी उरकलं. सोफा तेवढा नमुनेकरांनी आपल्याकडे ठेवून घेतला. "चामड्याचं काम आहे, घाई उपयोगाची नाही." तोवर बसायला म्हणून बागेतल्या प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणल्या. तेव्हा बालवाडीत जाणारा त्यांचा मुलगा आता बेत्सेनबर्गवर एकटा फुटबॉलची मॅच बघायला जातो. खुर्च्या त्याच आहेत.

आळशीपणा म्हणावा तर तसंही नाही. या माणसाने सोफ्यासाठी जेवढे कष्ट घेतलेत तेवढ्यात एखाद्याची डॉक्टरेट होते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चामड्याचे चौकोन ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकावर काहीतरी सांडलेलं असतं. एकावर वरण, एकावर लोणच्याचं तेल, एकावर चहा, एकावर निळ्या जीन्सचा ओला तुकडा घासलेला. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ते नैवेद्य वाटतात. नमुनेकर समजावून सांगतात, "अॅनिलीन चामडं म्हणजे उघड्या रंध्रांचं. हाताला लोण्यासारखं, बैलाच्या अंगावरची जुनी खरचटसुद्धा दिसते. पण थेंब पडला की पिऊन टाकतं. पिगमेंटवालं म्हणजे वर रंगाचा लेप. पुसलं की साफ, पण हाताला तो जिव्हाळा नाही. मधलं ते सेमी-अॅनिलीन, दोन्हीकडचं थोडं थोडं." इथवर सगळं सरळ असतं. गाडी अडते ती हळदीपाशी. हळदीचा डाग उन्हात ठेवला की फिका पडतो हे कुठलीही मराठी आई सांगेल. पण ऊन लागलं की चामड्याचाही रंग उडतो. म्हणजे डाग घालवायचा तर सोफा उन्हात ठेवायचा, आणि सोफा उन्हात ठेवला तर डाग तेवढा जाऊन भोवतीचा सोफाही जाणार. या कोड्याशी ते पूर्ण एक हिवाळा झगडत होते. वहिनी म्हणाल्या, "वरण टेबलावर बसून खाऊ या." नमुनेकरांनी हा उपाय शास्त्रीय नाही म्हणून बाजूला ठेवला.

बरं, रंग बघायचा तर स्वच्छ उजेड हवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन तुकडे एकसारखे दिसतात आणि बाहेर आणले की एक तपकिरी, एक हिरवट. दिवा बदलला की रंग बदलतो, हे खरंच आहे. म्हणून नमुनेकर ढगाळ नसलेल्या दुपारची वाट बघतात. आणि राहतात कुठे, तर फ्रिट्झ वाल्टरच्या गावात. १९५४ साली जर्मनीने विश्वचषक जिंकला त्या संघाचा हा कप्तान. संघातले पाच जण या एका लाउटर्नचे होते. पाऊस पडायला लागला की फ्रिट्झचा खेळ खुलायचा, म्हणून पावसाळी हवेला जर्मन माणूस अजून फ्रिट्झ वाल्टरची हवा म्हणतो. ती हवा इथे ऑक्टोबरात येते आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकते. तेवढ्या काळात नमुनेकरांचं संशोधन स्थगित.

रंगांची छाननी मात्र कधीच स्थगित नसते, आणि तिच्यात आजवर एकही रंग उत्तीर्ण झालेला नाही. लाल? गावच्या फुटबॉल टीमचा, म्हणजे लाल सैतानांचा रंग, टीम हरली की घरात सुतक. हिरवा? ऑफिसात दिवसभर ट्रॅक्टर बघतोच आहे. पिवळा टपालखात्याचा. काळा म्हटला की दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं होतं. करडा नको, खिडकीबाहेर आभाळ आहे तेवढं पुरे. मग क्रीम घ्या म्हटलं, तर त्यांनी रालचं पुस्तक उघडून क्रमांक १०१५ वर बोट ठेवलं. "हा बघा, हलका हस्तिदंती. जर्मनीतल्या टॅक्स्यांचा रंग. आपण आपल्याच घरात मीटर बघत बसायचं?" तपकिरीत जरा आशा वाटते तर तिथे दुकानदारांनी कोको, मोका, जायफळ, चिखल, कॉन्यॅक असे पाच-पन्नास पोटभेद करून ठेवलेले. कॉन्यॅकवर त्यांचा जीव आहे. हे गाव ज्याच्यामुळे कायझरचं झालं त्या सम्राट बार्बारोसाची दाढी याच छटेची असणार, असं त्यांचं मत. पण मत वेगळं आणि ऑर्डर वेगळी.

शिवाय भिंती आहेत. जर्मन भाड्याच्या घरात भिंतीला बहुधा राउफाझर असतो, म्हणजे लाकडाचा भुसा घातलेला खरबरीत कागद. ह्यूगो एर्फुर्ट नावाच्या औषधविक्याने १८६४ साली काढलेला. वर पांढरा रंग. तुम्ही हौसेने भिंत रंगवू शकता, पण घर सोडताना भडक रंग तसाच ठेवून गेलात तर पुन्हा पांढरं करण्याचा खर्च अंगावर येतो. कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये अशाच एका लाल-पिवळ्या-निळ्या घराबद्दल तसा निकाल दिला आहे. नमुनेकरांना हा निकाल क्रमांकासकट पाठ आहे. त्यातून त्यांचं चक्र सुरू होतं. भिंत ठरल्याशिवाय सोफा ठरत नाही. सोफा ठरल्याशिवाय पडदे नाहीत. पडदे लागल्याशिवाय खोलीत उजेड किती ते कळत नाही. आणि उजेड कळल्याशिवाय भिंतीचा रंग कसा ठरवणार? ऑफिसात असं चक्र एखाद्या नवख्या पोराच्या प्रोग्रॅममध्ये सापडलं तर हेच गृहस्थ त्याला तासभर सुनावतात.

त्यांचा खरा सण म्हणजे बघण्याचा रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. पण फर्निचरची काही मोठी दुकानं अधूनमधून रविवारी नुसती बघायला उघडी ठेवतात. विक्री नाही, सल्ला नाही, किमतीची चर्चा नाही. दुकान आहे आणि विकत घेता येत नाही, याहून मोठं सुख नमुनेकरांच्या कल्पनेत नाही. सकाळीच मुलाला घेऊन निघतात. मुलाचा पाढ्यांपासून बीजगणितापर्यंतचा अभ्यास वेगवेगळ्या दालनांतल्या वेगवेगळ्या सोफ्यांवर झालेला आहे. बाप भिंग लावून शिवण तपासत असतो. शिवणीबाबत त्यांना गावाचा अभिमान आहे. गेऑर्ग मिशाएल फाफ या वाद्यं बनवणाऱ्या कारागिराने १८६२ साली याच गावात आपलं पहिलं शिलाई मशीन बनवलं, ते जोड्यांचं चामडं शिवायला. पलीकडे पिर्मासेन्सला तर सगळं गावच जोड्यांवर जगलं. "अशा मुलखात राहून वाकडी शिवण घरात आणायची?" आठवड्याच्या इतर दिवशी नमुनेकर दारात दिसले, की विक्रेत्यांना एकदम जेवायची वेळ झाल्याचं आठवतं.

एकदा गंगा अगदी घरापर्यंत आली होती. रामस्टाइनच्या विमानतळामुळे लाउटर्नच्या आसपास अमेरिकी सैनिक आणि त्यांची बिऱ्हाडं मिळून पन्नासेक हजार माणसं राहतात. अमेरिकेबाहेर एवढी मोठी अमेरिकी लष्करी वस्ती दुसरी नाही. ते या गावाला के-टाउन म्हणतात आणि बदली झाली की घरातलं सामान मातीमोलाने फुंकून टाकतात. अशाच एका सार्जंटने बटण दाबलं की मागे रेलणारा, पेल्याला खाचा असलेला, तपकिरी चामड्याचा अजस्र सोफा विकायला काढला होता. नमुनेकर जाऊन आले. पुन्हा गेले. बसायची जागा खऱ्या चामड्याची आणि पाठ-बाजू रेक्झिनच्या, हे पहिल्या भेटीत कळलं. मोटर ११० व्होल्टची आणि आपली वीज २३०, तेव्हा शेजारी एक घुमणारा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागेल, हे दुसऱ्या भेटीत. तिसऱ्या भेटीत ते जिन्याची मापं घेऊन गेले तेव्हा सार्जंट टेक्सासला पोचला होता आणि दार दुसऱ्याच माणसाने उघडलं. नमुनेकर त्याच्याही दिवाणखान्यावर नजर टाकून आले.

मग पुण्याहून आई आल्या. हा मुद्दा नमुनेकरांनी बरीच वर्षं राखून ठेवला होता. "चामड्याचा सोफा आईला चालेल का, ते आधी बघायला हवं." आईंसमोर त्यांनी सगळं उलगडून ठेवलं. दक्षिण जर्मनीतले बैल, क्रोमने कमावलेलं चामडं, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, आपल्याकडे हिरडा आणि बाभळीच्या सालीवर कमावतात ते. आईंनी शांतपणे ऐकलं. "कोल्हापुरी घालतोस, कमरेला पट्टा लावतोस, तेव्हा मला विचारलंस? माझे गुडघे या खुर्चीत दुखतात. घे कुठलाही. वर चादर घालायचीच आहे."

या एका वाक्यात नमुनेकरांचं सगळं बालपण होतं. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरातला सोफा घेतल्या दिवसापासून चादरीखाली आहे. चादरीखाली खोळ आहे, आणि खोळीखाली दुकानातून आलेलं प्लास्टिक. त्याचा मूळ रंग कोणता यावरून भावंडांमध्ये आजही दोन तट आहेत.

आता खरी गंमत सांगतो. हेच नमुनेकर दुसऱ्याच्या घरात पाय ठेवतात आणि एकदम निराळे होतात.

इथे नव्याने आलेलं एक जोडपं होतं. रिकामं घर, कडेवर पोर, डोळ्यांत झोप. नमुनेकर आले, चपला काढल्या, खोलीच्या मध्ये उभे राहून एकदा स्वतःभोवती फिरले. "खिडकी उत्तरेची, जमीन फिकट लाकडाची, पोर दोन वर्षांचं. पिगमेंटवालं चामडं, कॉन्यॅक रंग, अडीच माणसांचा. पाय उंच घ्या, खालून व्हॅक्युम क्लीनर फिरला पाहिजे. हीटरपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर हिवाळ्यात चामडं सुकून तडकतं. तीन भिंती पांढऱ्या राहू द्या, सोफ्यामागची एक धुरकट हिरवी करा, घर सोडताना दोन हात पांढऱ्याचे मारा. पडदे सुती, सायीच्या रंगाचे. चहा टाका." चहा उकळायच्या आत एका घराचा प्रश्न मिटला. त्या घरात आज गेलात तर वाटतं, इथे दुसरा कुठला सोफा शोभलाच नसता.

आमच्याकडे त्यांनी खोली पाहिलीसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सोफ्यावर झोपणारे. खोबरेल लावता. गडद तपकिरी, डोकं टेकायची जागा वेगळी निघणारी." आमचा सोफा गडद तपकिरी आहे, डोक्याची जागा वेगळी निघते, आणि मी त्यावर झोपतो. लाउटर्नमधल्या आमच्या प्रत्येक मराठी घरात सोफा त्यांच्या हुकमाने आलेला आहे. एकही चुकलेला नाही.

एकदा मी विचारलं, "नमुनेकर, आमच्याकडे दहा मिनिटं आणि स्वतःकडे दहा वर्षं, हे कसं?" त्यांनी नाकावरचा चष्मा पुसला, कपाळावरचा खाली घेतला. "तुमच्या घरात मला एक सोफा दिसतो. माझ्या घरात मला न घेतलेले बाकीचे सगळे दिसतात."

हे वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि बायकोने ते नमुनेकरवहिनींना. इथून पुढचं श्रेय संपूर्ण वहिनींचं.

एका रात्री जेवताना वहिनींनी सहज विषय काढला. मान्हाइमला त्यांच्या मैत्रिणीची नणंद राहते. सोफ्यासाठी अडून बसलीय बिचारी, फोनवरच काही सांगता का? नमुनेकरांनी भाताचा घास खाली ठेवला. "खोलीचं माप?" वहिनींनी कागद पुढे केला. चार मीटर वीस गुणिले तीन साठ, खिडकी दक्षिणेची, जमीन ओकची, मुलगा हायस्कुलात, सासूबाई पुण्याहून येऊन-जाऊन, गुडघे दुखतात. हीच मापं नमुनेकरांनी स्वतः किती वेळा काढली होती याला गणती नाही, पण मान्हाइमच्या पत्त्यावर गेल्याबरोबर ती त्यांना परकी झाली.

"सध्या बसतात कशावर?"

"बागेतल्या खुर्च्या आहेत. प्लास्टिकच्या."

"किती वर्षं?"

"बरीच."

"आणि नवरा काय करतो?"

"विचार करतो."

नमुनेकर संतापले. "कमाल आहे! बाईमाणसाला, म्हाताऱ्या आईला वर्षानुवर्षं प्लास्टिकवर बसवतो? असली माणसं असतात एकेक. लिहून घे. दक्षिणेचं ऊन आहे, तेव्हा अॅनिलीन नाही, पिगमेंटवालं. कॉन्यॅक. तीन माणसांचा, बैठक जरा उंच, म्हणजे आईंना उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. खिडकीला काटकोनात. आणि त्यांना सांग, नवऱ्याला विचारू नका."

आठ मिनिटं लागली. वहिनींनी घड्याळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. ऑनलाइन त्यांनी मुद्दामच घेतला नाही. जर्मनीत घरबसल्या मागवलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, आणि नवऱ्याच्या हाती चौदा दिवस देण्याइतक्या त्या भोळ्या नाहीत. दुकानात जाऊन सही केली की बाण सुटला. दहा आठवडे त्या काही बोलल्या नाहीत. एवढ्या काळात नमुनेकरांनी दोनदा चौकशी केली, "त्या नणंदबाईंचं काय झालं? आला का सोफा?" वहिनी म्हणाल्या, "वाटेत आहे."

सोफा आला त्या सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं होतं. जिन्यात हात लावायला, आणि मला वाटतं, साक्षीदार म्हणूनही. दार नमुनेकरांनी उघडलं. "मजला चुकला तुमचा," असं त्यांनी त्या दोन आडदांड माणसांना उत्तम जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी पावती दाखवली. पावतीवर पासपोर्टवालं आडनाव होतं.

सोफा खिडकीला काटकोनात बसला. नमुनेकर भिंग घेऊन त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. शिवण पाहिली, खाली वाकून पाय पाहिले, रुमाल ओला करून कोपऱ्यात घासून पाहिला. रुमाल पांढराच राहिला.

"निवड चांगली आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

"तुमची."

"पण मी तो मान्हाइमसाठी सांगितला होता!"

"मान्हाइमला कुणी नाही."

नमुनेकर विचारात पडले. "म्हणजे तो नवरा..."

"तो भिंग घेऊन सोफ्याभोवती फिरतोय," वहिनी म्हणाल्या आणि आईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, चादर कुठाय?

या गोष्टीला आता काही महिने झाले. प्लास्टिकच्या खुर्च्या बाल्कनीत गेल्या. नमुनेकरांची पिशवी अजून खांद्याला असते आणि नव्याने आलेल्या मंडळींचे फोन अजून त्यांनाच जातात. फरक पडला तो एवढाच, की सल्ला देऊन झाला तरी ते लगेच उठत नाहीत. चहाचा दुसरा कप घेतात आणि समोरच्या गोंधळलेल्या नवऱ्याला आत्मविश्वासाने सांगतात, "फार विचार करत बसायचं नसतं हो. आमचा सोफा मी आठ मिनिटांत ठरवला."